पेशंटला आरामाची गरज आहे

ऑपरेशन उत्तम झालं, हे आधीच सांगून ठेवतो. पित्ताशयात खडे होते, ते गेले, पित्ताशयही गेलं. दुर्बिणीने करायला घेतलेलं काम आत सूज फार निघाल्यामुळे पोट उघडून करावं लागलं, तेही सर्जननी नीट केलं. जखम चिघळली नाही, ताप आला नाही, औषधं वेळच्या वेळी मिळाली. बिल अंदाजापेक्षा जास्त आलं, पण ते तसं येणार हाही अंदाज होताच. तेव्हा वैद्यकीय बाजूबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. फक्त एवढंच, की डॉक्टर दिवसातून एकदा येतात, पोटावर दोन बोटं टेकवतात, "वा, छान" म्हणतात आणि जातात. उरलेला सगळा वेळ पेशंट खोलीच्या ताब्यात असतो.

खोली सेमी-प्रायव्हेट होती. म्हणजे दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, आणि पलीकडचं सगळं ऐकू येत असूनही आपण काही ऐकलंच नाही असं दोन्ही बाजूंनी दाखवायचं.

खोलीच्या दाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. दार हळू मिटावं म्हणून वर बसवतात ते यंत्र या दाराला होतं. त्यातलं तेल गेलेलं होतं. त्यामुळे दार शेवटच्या चार बोटांपर्यंत अगदी अदबीने यायचं आणि तिथून धाडकन आदळायचं. माझ्या टाक्यांना ती चार बोटं पाठ झाली होती. दार तिथवर आलं की पोट आपोआप आखडायचं. येणारा प्रत्येक जण पेशंट झोपलेला पाहून चवड्यांवर आत यायचा, श्वास रोखून दोन पावलं टाकायचा, आणि मागे दार आदळायचं. मग तो माझ्याकडे असा बघायचा, जणू आवाज मीच केला.

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे हाउसकीपिंगचं काम. हाउसकीपिंगवाला म्हणाला, आम्ही दार पुसतो, दुरुस्त मेंटेनन्स करतो. मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, नेमका डोळा लागला होता तेव्हा. त्याने आवाजाची खात्री करून घेण्यासाठी दार पुन्हा पुन्हा आपटून पाहिलं. "आवाज तो है, अंकल," असं मान्य केलं आणि तेल आणायला गेला. अखेर वॉर्डबॉयला दया आली. त्याने हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याची घडी करून ती चौकटीत खोचली. दार आदळायचं थांबलं, कारण ते आता मिटतच नव्हतं. कॉरिडॉरमधली ट्यूब, लिफ्टचं "कृपया दरवाजा बंद करें" आणि नर्सिंग स्टेशनवरची कोणाला कोणती ड्यूटी लागली याची चर्चा हे सगळं त्या फटीतून थेट माझ्या उशीपर्यंत यायला लागलं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये 'नोट्स ऑन नर्सिंग' नावाचं एक लहानसं पुस्तक लिहिलं. दर १२ मे रोजी, म्हणजे त्यांच्या वाढदिवशी, इस्पितळांतून त्यांच्या तसबिरीला हार घालतात, परिचारिका दिवे लावून शपथ घेतात. पुस्तक कोणी उघडत असेल असं वाटत नाही. त्यात औषधांबद्दल फारसं काही नाही. हवा, उजेड, आवाज, अंथरूण, भिंती, जेवण यांच्याबद्दल आहे. बाईंचा मुद्दा असा की पेशंटला बरं निसर्ग करतो. त्याला बरं करायला सोयीचं पडेल अशा जागी पेशंटला ठेवणं हे आपलं काम. किरकोळ व्यवस्थेवरच त्यांनी एक आख्खं प्रकरण खर्चलं आहे. तुम्ही हजर असताना जे होतं ते तुमच्या गैरहजेरीतही व्हावं याची तजवीज, तिला त्या जबाबदारी म्हणतात. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर बाई स्वतःच कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यामुळे दार ही काय चीज असते हे त्यांना ठाऊक असणार. त्यांचं म्हणणं माझ्या दाराला लावून पाहिलं तर निष्कर्ष सरळ निघतो. माझ्या पित्ताशयाला सर्जन होता, भूलतज्ज्ञ होता, फिजिशियन होता. दाराला कोणीच नव्हतं.

आवाजाबद्दलही बाई फार कडक आहेत. आवाज मोठा असला तर एक वेळ चालेल, पण विनाकारण केलेला आवाज पेशंटला छळतो, आणि पहिल्या झोपेतून उठवलेल्या पेशंटला पुन्हा झोप लागणं कठीण, असं त्यांचं मत. त्या काळच्या परकराच्या सळसळीवरसुद्धा त्या चिडलेल्या आहेत. बाईंनी पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा पाहिलेला नव्हता. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे वेगवेगळे डबे ठेवावे लागतात, आणि आमच्या मजल्यावर ते खोलीच्या बाहेरच, ओळीने होते. प्रत्येकाचं झाकण वेगळ्या सुरात पडायचं. रात्री सलाईनची रिकामी बाटली एकात, सुई दुसऱ्यात, कापूस तिसऱ्यात. इंदूरसारख्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून सुरांबद्दल तक्रार करणं शोभत नाही, हे मला कळतं. पण खाँसाहेब अतिविलंबितात गायचे. दोन सुरांच्या मध्ये माणसाला डुलकी काढायला जागा असायची.

इस्पितळाबाहेर 'शांतता क्षेत्र' अशी पाटी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे इस्पितळाच्या सभोवती १०० मीटरपर्यंत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलच्या वर आवाज जायला नको. जागतिक आरोग्य संघटना याहून हट्टी. वॉर्डात रात्री ३० असावा म्हणते. ३० म्हणजे कुजबूज. आमच्या पाटीखाली रिक्षा-स्टँड आहे. लग्नसराईचे दिवस होते, त्यामुळे संध्याकाळी एकामागून एक वराती पाटीसमोरून जायच्या. त्यातल्या एका बँडने इस्पितळ पाहून वाजवणं खरोखरच थांबवलं. मला भरून आलं. नंतर कळलं की नवरदेवाची घोडी अडून बसली होती.

पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ भले होते. त्यांच्या सोबतीला आलेला पुतण्या रात्री मोबाइलवर छोटे छोटे व्हिडिओ बघायचा. व्हिडिओ संपण्याआधीच पुढचा लावायचा, त्यामुळे मला प्रत्येक विनोदाचा पहिला अर्धा भागच ऐकू यायचा. शेवट काय झाला असेल याचा विचार करत जागं राहण्यापेक्षा पूर्ण आवाजात पूर्ण विनोद ऐकणं बरं, असं मी त्याला सुचवलं. तो शरमला आणि त्याने इयरफोन लावले. मग तो एकटाच हसायला लागला.

पहाटे, अजून काळोख असताना, सिस्टर यायच्या. सगळे दिवे लागायचे. "अंकल, सो रहे थे क्या?" हा प्रश्न नसतो. बीपीचा पट्टा दंडावर आवळत त्या तो विचारतात, उत्तराची गरज नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्रभर आख्ख्या मजल्याला मोजून दोघी, आणि सकाळी चार्ज देताना चार्टवरचा एकेक रकाना भरलेला लागतो: ताप, नाडी, बीपी, लघवी किती. रकाना रिकामा राहिला तर बोलणी खावी लागतात. झोपेला रकाना नाही. ती मोडली काय, लागली काय, कागदावर सारखीच.

सिस्टर गेल्या की फिनेल यायचं, फिनेलच्या मागोमाग कॅन्टीनचा दलिया. तेवढ्यात खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा नंबर लागत आला, आणि ते आम्हाला रोज सकाळी लाउडस्पीकरवरून कळवलं जातं. मला या शहराचा अभिमान आहे. एरवी मीही ओला-सुका वेगळा करून गाडीमागे धावतो. फक्त नुकतं पोट शिवलेलं असताना अभिमान आडव्याने बाळगावा लागतो, एवढाच फरक.

आता खिडकी. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने 'सायन्स' या नियतकालिकात एक लहानसा निबंध लिहिला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात १९७२ ते १९८१ या काळात झालेल्या ऑपरेशनांचे कागद त्याने धुंडाळले. ऑपरेशन कसलं, तर पित्ताशय काढण्याचं, तेही माझ्यासारखं पोट उघडून. वय, लिंग वगैरे जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या त्याने लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. झाडांवर पानं असतात तेवढ्याच महिन्यांतले पेशंट त्याने धरले, इतका माणूस काटेकोर. झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडवाल्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली, आणि नर्सच्या नोंदवहीत 'रडतो आहे, धीर द्यावा लागतो' अशा छापाचे शेरे भिंतवाल्यांच्या वाट्याला जास्त आले. एकाच इस्पितळातले ४६ पेशंट म्हणजे काही फार मोठी गणती नव्हे. तरीही इस्पितळं बांधणारे लोक तेव्हापासून या निबंधाचा दाखला देत आले आहेत, आणि आमच्या इस्पितळाच्या माहितीपत्रकावरही झाडाचाच फोटो आहे.

खिडकी आमच्या खोलीत एकच, आणि ती पलीकडच्या बाजूला. उजेडामुळे टीव्हीच्या काचेवर चकाकी येते म्हणून मधला पडदाही ओढलेला आणि खिडकीचाही. म्हणजे उलरिचच्या हिशेबात मी कुठेच बसत नव्हतो. मला झाड नव्हतं आणि भिंतही नव्हती. मला पडदा होता. त्यावर धोब्याचा नंबर होता. उठून चालायला लागल्यावर मुद्दाम जाऊन खिडकीबाहेर डोकावलो. एसीची यंत्रं एकावर एक, आणि सर्वांत वरच्या यंत्रावर एक कबूतर. खिडकी उघडत नाही, स्क्रू मारून बंद केलेली आहे, कारण खोलीला एसी आहे. एसी बंद होता, कारण पेशंटला थंडी बाधेल. आतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी आणि पेशंटला गारठू देऊ नये, हा नाइटिंगेलबाईंचा पहिला नियम. आमच्याकडे नियमाचा दुसरा अर्धा भाग पाळला गेला.

हे सगळं सांगताना घरच्या इतिहासाकडे डोळेझाक करून चालणार नाही. रुग्ण कुठे ठेवला आहे याचा विचार या शहराने एकदा फार जोरात केलेला आहे. १९९४ मध्ये सुरतेला प्लेग उसळला तेव्हा इथल्या महाराजा यशवंतराव इस्पितळात, म्हणजे आपल्या एमवायमध्ये, उंदरांचं राज्य होतं. तेव्हाचे कलेक्टर एस. आर. मोहंती यांनी ती अवाढव्य इमारत रिकामी करायला घेतली. रुग्ण हलवले, अडगळ उपसली, उंदीर हजारोंनी मारले, रंगरंगोटी केली. मग प्रश्न आला, की पुन्हा घाण होऊ नये हे कोणी बघायचं? त्यातून रोगी कल्याण समिती निघाली. रुग्णांकडून थोडी फी घ्यायची, ती सरकारी तिजोरीत न जाता इस्पितळातच ठेवायची, आणि डागडुजी, सफाई, औषधं यांवर काय खर्च करायचा ते समितीने तिथल्या तिथे ठरवायचं. थोडक्यात दाराला कोणीतरी वाली नेमायचा. पुढे ही कल्पना राज्यभर गेली आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर. गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत आज रोगी कल्याण समितीचा फलक दिसतो, तो मूळचा इंदूरचा आहे.

त्याच इमारतीत २०२५ च्या ऑगस्टअखेर नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात उंदरांनी दोन बाळांना चावे घेतले, आणि पुढच्या काही दिवसांत ती दोन्ही बाळं गेली. चौकशी बसली, नर्सिंगच्या लोकांना निलंबित केलं गेलं. ही कुरबुरीची बाब नाही आणि माझं दार हिच्यापुढे काहीच नाही. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवतो: एवढ्या मोठ्या इमारतीतल्या उंदरांचा जाबसुद्धा आधी सिस्टरलाच विचारला गेला.

राहता राहिले भेटायला येणारे. भेटीची वेळ चार ते सहा, पण ती परक्यांसाठी. आपली माणसं रामबागेतून, सुदामानगरातून, राजेंद्रनगरातून कधीही येतात. गेटवरच्या माणसाला "भिया, बस दो मिनट" म्हटलं की पुरतं. आल्याबरोबर म्हणतात, "बोलू नकोस, तुला आरामाची गरज आहे. बरं, हे झालं कसं?" कसं झालं ते सांगून सांगून माझ्या निवेदनात आता सफाई आली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलं होतं. कुंदाकाकू मात्र निवेदन अर्ध्यात तोडून स्वतःच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनावर गेल्या, आणि तिथून देवासच्या कोणा दिरांवर, ज्यांना अगदी हेच झालं होतं, तेही असेच बसून बोलत होते, चेहऱ्यावर असंच तेज होतं, आणि तिसऱ्या दिवशी. इथे काकू थांबल्या. बायकोकडे बघून त्यांनी मान हलवली आणि दोघी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेल्या. पुढचं कुजबुजीत झालं. दाराला खोका असल्यामुळे मला कुजबूज ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. दाराबाहेरची कुजबूज म्हणजे पेशंटचा छळ, असं नाइटिंगेलबाईंनी लिहून ठेवलं आहे. पोकळ धीर आणि फुकट सल्ले देणाऱ्यांसाठी तर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरणच राखून ठेवलं आहे. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. आपल्या माणसांची कल्पना त्यांना पत्रांवरूनच आली असेल काय, कोण जाणे.

खाण्याचंही तसंच. मला तेलकट बंद, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तेलकट मला न देता माझ्यासमोर खाल्लं गेलं. सोबतीला आलेल्या माणसाचे हाल होऊ नयेत म्हणून वहिनी पोहे-जिलबी घेऊन यायच्या. भाचा एका रात्री सराफ्यातून गरम गराडू घेऊन आला. तळलेला गराडूचा कंद, वर जिरावन मसाला, वर लिंबू. वासाने पलीकडचे गृहस्थसुद्धा उठून बसले. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही तोंड तिकडे करा, त्रास नको." तिकडे पडदा होता, धोब्याच्या नंबराचा.

पण या सगळ्यांत अण्णामामांची सर कोणाला नाही. अण्णामामा बँकेतून निवृत्त झालेले, रोज यायचे. खुर्ची असताना खाटेवर बसायचे, तेही ऑपरेशनच्या बाजूला, आणि बोलताना मुद्दा पटवायला गादीवर थाप मारायचे. थाप पडली की गादी हलायची, गादी हलली की टाके. त्यांच्या मते ऑपरेशन ही घाई झाली. त्यांच्या स्वतःच्या पित्ताशयात कित्येक वर्षांपासून खडे आहेत, सोनोग्राफीत दिसतात, दर दिवाळीच्या फराळानंतर दुखतातही. पण ते पाषाणभेदाचा काढा घेतात आणि सकारात्मक राहतात. "सगळं मनावर असतं," थाप. "खोली कशी, वातावरण कसं, याने काही फरक पडत नाही," थाप. "माणसाने आतून शांत असावं," थाप. त्यांच्या मोबाइलची रिंगटोन शंखाची आहे.

डिस्चार्ज सकाळी मिळाला, म्हणजे मिळाल्याचं सकाळी सांगितलं. मग फाइल बिलिंगला गेली, बिलिंगहून विमावाल्यांकडे, तिथून एका कागदासाठी परत. दुपारी खाट दुसऱ्या पेशंटला दिली गेली, तेव्हा मी पोटावर उशी धरून कॉरिडॉरमधल्या लोखंडी बाकावर बसलो. संध्याकाळी एक तरतरीत मुलगी टॅब घेऊन आली आणि म्हणाली, "सर, फीडबॅक." डॉक्टर, नर्सिंग, स्वच्छता, जेवण, अशा चार ओळी आणि प्रत्येकीपुढे पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. दाराबद्दल कुठे लिहायचं असं विचारलं. ती म्हणाली, "सर, दाराचं ऑप्शन नाहीये." मग मी चारही ठिकाणी हसरा चेहरा दाबला, कारण त्या चौघांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न होता: आपण आमच्या रुग्णालयाची शिफारस आप्तेष्टांना कराल का? 'अवश्य' दाबलं. खाली एक नाव आणि फोन नंबर भरायची जागा होती, तिथे अण्णामामांचा दिला. शेरा लिहायलाही जागा होती. त्यात खोली हीच मिळावी अशी विनंती केली, आणि खाट दाराकडची.